राउटरच्या देवडीवर पहारा कुणाचा?



जबलपूरहून बोलतोय. विनोबांनी आमच्या या शहराला 'संस्कारधानी' म्हटलं, आणि आम्ही जबलपूरकर अजून ते नाव मिरवतो. माझी पदवी विज्ञानाची, नोकरी फौजेतली, तीही सिग्नल्समध्ये. आमच्या कोअरचं ब्रीद 'तीव्र चौकस'. निरोप झटपट पोचवायचा आणि डोळे उघडे ठेवायचे. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तरी सवय जात नाही. पूर्वी सिग्नल सेंटर सांभाळायचो, आता घरातला वाय-फायचा डबा सांभाळतो.

या मालिकेचे श्रोते पुण्या-नागपुरात आहेत तसे बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबादेतही आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "साहेब, घरच्या राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून त्या जागी खुलं फर्मवेअर घालता येतं म्हणे. घालावं का? आणि घालायचं तर कोणतं?" प्रश्न दोन ओळींचा आहे. उत्तर मात्र डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलापासून सुरू होतं आणि आपल्यामागे तो डबा कोण सांभाळणार इथपर्यंत जातं. म्हणून आज जरा निवांत बोलू.

आधी शब्द साफ करून घेऊ. राउटर म्हणजे बाहेरून आलेली इंटरनेटची लाइन आणि घरातले मोबाइल, टीव्ही, कॅमेरे यांच्यामधली देवडी. जुन्या वाड्यात देवडीवर पहारेकरी बसायचा. कोण आलं, कोण गेलं यावर त्याची नजर असायची. राउटरच्या पोटात एक छोटा संगणकच असतो. प्रोसेसर, थोडी रॅम, आणि फ्लॅश नावाची थोडी कायमची साठवण. त्या फ्लॅशमध्ये मुक्कामाला असलेलं सॉफ्टवेअर म्हणजे फर्मवेअर. तोच आपला पहारेकरी. खुलं फर्मवेअर म्हणजे ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता येतो, तपासता येतो, बदलता येतो असं.

आता हा पहारेकरी नोकरीला कुणाच्या? कंपनीच्या. डबा विकला गेला की कंपनीचे पैसे वसूल झाले. पुढे काही वर्षं ती सुधारणा पाठवते, मग नवं मॉडेल बाजारात येतं आणि जुन्या मॉडेलच्या सुधारणा थांबतात. तशी चिठ्ठी घरी येत नाही. डब्यावरचे हिरवे दिवे तसेच लुकलुकत असतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. पहारेकरी उभा आहे, पण नवे चोर कसे दिसतात हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

याने काय बिघडतं? तीन प्रसंग सांगतो, तिन्ही जगजाहीर आहेत. २०१७च्या जुलैच्या अखेरीस कर्नाटकात बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एकाएकी बंद पडले. कारखान्यातून आलेला पासवर्ड लोकांनी बदललेला नव्हता, आणि एक घातक प्रोग्राम नेमका त्याच दाराने आत शिरला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बेल्जियमचे संशोधक माथी व्हानहूफ यांनी वाय-फायच्या डब्ल्यूपीए-दोन या कुलपातली 'क्रॅक' नावाची फट जगापुढे मांडली. आणि २०१८च्या मे महिन्यात 'व्हीपीएनफिल्टर' उघडकीला आलं. ५४ देशांतले किमान पाच लाख राउटर आणि तत्सम डबे त्याने काबीज केले होते. अमेरिकेच्या एफबीआयला लोकांना जाहीर सांगावं लागलं, की आपापले राउटर एकदा बंद करून पुन्हा चालू करा.

आपल्यासारख्यांच्या घरातून पेन्शनचं 'स्पर्श' पोर्टल उघडतं, बँक उघडते, डॉक्टरांचे रिपोर्ट येतात. बँकेची वेबसाइट स्वतःचं कुलूप घेऊन येते हे खरं, त्यामुळे उगीच घाबरू नका. पण नेटवर कोणत्या नावाचा पत्ता कोणता, हे घरातली उपकरणं बहुधा राउटरलाच विचारतात. राउटर दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर पत्ता विचारणाऱ्याला तो भलत्याच घरी पाठवू शकतो. आणि दारावर बसवलेल्या स्वस्त कॅमेऱ्याला बँकेसारखं कुलूप असेलच, याची खात्री नसते.

खुल्या फर्मवेअरची सुरुवात कशी झाली ती गोष्ट मजेची आहे. लिंकसिस कंपनीने २००२च्या डिसेंबरात एक राउटर बाजारात आणला, डब्ल्यूआरटी-५४-जी. निळ्या-काळ्या रंगाचा, दोन अँटेनांचा. पुढच्याच वर्षी सिस्कोने ती कंपनी विकत घेतली, आणि त्याच सुमाराला काही जाणत्यांच्या लक्षात आलं की या डब्यात लिनक्स चालतंय. लिनक्सचा परवाना असा आहे की ते वापरून बनवलेली वस्तू तुम्ही विकलीत, तर त्या भागाचा सोर्स कोडही द्यावा लागतो. लोकांनी तगादा लावला आणि २००३ मध्ये कंपनीने कोड खुला केला. त्यातून २००४ साली 'ओपनडब्ल्यूआरटी' उभं राहिलं. नावातलं 'डब्ल्यूआरटी' त्या डब्याचंच. मागोमाग जर्मनीच्या सेबॅस्टियन गॉटशाल यांचं 'डीडी-डब्ल्यूआरटी' आलं, जोनाथन झराटे यांचं 'टोमॅटो' आलं.

हे सगळं परदेशातच झालं असं समजू नका. २००५च्या जानेवारीत भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, आणि फेब्रुवारीत हिमाचलच्या धरमशालेत डोंगरउतारावरच्या संस्था एकमेकींना बिनतारी जोडायला सुरुवात झाली. फौजेतल्या अनेकांना तो मुलूख ठाऊक आहे. समोर धौलाधार, खाली दऱ्या, तारा ओढायच्या म्हणजे दिव्य. तिथे हेच घरगुती डबे घेतले, त्यांचं फर्मवेअर बदललं, पावसापासून बंदोबस्त करून ते उंचावर बसवले, आणि एका डब्याने दुसऱ्याला निरोप द्यायचा अशी साखळी तयार केली. दिवाणखान्यासाठी विकलेल्या वस्तूने डोंगर ओलांडले. कोड खुला नसता तर हे जमलं नसतं.

आता निवडीकडे येऊ. फौजेत युद्धाची तत्त्वं शिकवतात. त्यातलं पहिलं म्हणजे उद्दिष्टाची निवड आणि त्यावर टिकून राहणं. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की मला हे कशासाठी करायचं आहे?

"वाय-फायची रेंज वाढेल" हे तुमचं उत्तर असेल तर इथेच थांबा. रेंज फर्मवेअरने वाढत नाही. आमच्या छावणीतल्या जुन्या बंगल्यांच्या भिंती हातभर जाडीच्या आहेत; कोणतंही सॉफ्टवेअर त्या पातळ करणार नाही. तिथे तार ओढून दुसऱ्या खोलीत दुसरा डबा ठेवणं हाच इलाज. काही जण खुल्या फर्मवेअरमध्ये देश बदलून दुसराच देश टाकतात, म्हणजे म्हणे पॉवर वाढते. हे करू नका. कोणत्या पट्ट्यात किती पॉवरने बोलायचं याचे आपल्या देशाचे नियम आहेत. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला तोही मर्यादा घालूनच. शिवाय तुमचा राउटर ओरडला तरी हातातल्या मोबाइलचा आवाज तेवढाच राहतो. दोघांचं बोलणं व्हायचं तर दोघांचंही ऐकू यायला हवं. सिग्नल्समधला नवा रंगरूटदेखील हे पहिल्या महिन्यात शिकतो.

मग चांगली कारणं कोणती? पहिलं, सुरक्षेच्या सुधारणा. कंपनीने सोडून दिलेल्या डब्यालाही त्या मिळत राहतात. क्रॅकची फट १६ ऑक्टोबर २०१७ला जाहीर झाली आणि १८ तारखेला दुरुस्त आवृत्ती हजर होती. त्या वेळी ओपनडब्ल्यूआरटीच्या मंडळींत फूट पडली होती आणि ही आवृत्ती 'एलईडीई' या वेगळ्या झालेल्या गटाची होती. २०१८च्या सुरुवातीला दोन्ही गट पुन्हा एक झाले. भाऊबंदकी आपल्याकडेच असते असं नाही.

दुसरं कारण तुमच्या रोजच्या अनुभवातलं आहे. नातवाने गेम डाउनलोड करायला लावला की इकडे व्हिडिओ कॉलवर मुलगी अडखळत बोलते. लाइनचा वेग चांगला असतो, तरी हे होतं. कारण राउटरमध्ये निरोपांची रांग लागते आणि तुमच्या बोलण्याचे छोटे निरोप डाउनलोडच्या मोठ्या पोत्यांमागे अडकून पडतात. जिम गेटिस यांनी या दुखण्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर 'कोडेल' हा उपाय मांडला, आणि डेव्ह टॅट नावाच्या माणसाने तो ओपनडब्ल्यूआरटीवर घासूनपुसून घराघरांत पोचवण्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. २०२५च्या एप्रिलमध्ये ते गेले. त्यांचं नाव न ऐकलेल्या लाखो लोकांचे कॉल आज नीट चालतात. ओपनडब्ल्यूआरटीत 'एसक्यूएम' नावाचं पॅकेज टाकायचं आणि लाइनचा मोजलेला वेग असेल त्याच्या ८५ ते ९० टक्क्यांवर मर्यादा लावायची, इतकंच काम. एक लक्षात ठेवा, यात प्रोसेसरला कष्ट पडतात. जुने स्वस्त डबे शंभर-दीडशे मेगाबिटच्या आसपास धापा टाकू लागतात.

तिसरं कारण, घराची विभागणी. पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं, कॅमेरे आणि टीव्ही वेगळे, आपले कामाचे मोबाइल-लॅपटॉप वेगळे. चौथं, बाहेरगावी असताना 'वायरगार्ड'च्या सुरक्षित बोगद्यातून घरच्या नेटवर्कवर येणं. मात्र यासाठी सेवादात्याने तुमच्या लाइनला बाहेरून पोचता येईल असा पत्ता दिलेला असावा लागतो. आपल्याकडे बऱ्याच घरांना तो मिळत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या.

यातलं एकही कारण तुम्हाला लागू पडत नसेल आणि कंपनीच्या सुधारणा अजून येत असतील, तर डबा आहे तसाच राहू द्या. कारखान्याचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस बंद करा आणि चहा घ्या.

दुसरा प्रश्न, डबा कोणता? इथे बहुतेकांची गफलत होते. लोक आधी फर्मवेअर निवडतात आणि मग ते आपल्या डब्यावर चालेल का ते बघतात. क्रम उलटा हवा. डबा उलटा करा आणि लेबल वाचा. मॉडेलच्या नावाशेजारी बारीक अक्षरात आवृत्ती असते, तीच खरी ओळख. टीपी-लिंकच्या आर्चर सी-सहाचं उदाहरण घ्या. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तिसऱ्या आवृत्तीत मीडियाटेकची. बाहेरून भाऊ-भाऊ, आतून दोन वेगळ्या घरचे. एकाची फाइल दुसऱ्यात घातली तर डबा बसलाच म्हणून समजा.

मग मापं बघा. ओपनडब्ल्यूआरटीला किमान ८ मेगाबाइट फ्लॅश आणि ६४ मेगाबाइट रॅम हवी. नीट चालवायचं तर १६ आणि १२८ किंवा त्याहून जास्त. आपल्याकडे घरोघरी असलेला टीपी-लिंकचा जुना ८४१-एन बहुतेक आवृत्त्यांत ४ आणि ३२वर अडकलेला आहे. त्याच्यात आजची आवृत्ती कोंबण्याचा हट्ट धरू नका. म्हाताऱ्या शिपायाला सन्मानाने पेन्शन द्या. तिसरी गोष्ट चिपची. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर बहुतांशी बंदिस्त आहेत, त्यामुळे ओपनडब्ल्यूआरटीवर त्यांचं वाय-फाय रडतखडत चालतं किंवा चालतच नाही. मीडियाटेक आणि क्वालकॉमच्या बऱ्याच चिपांवर ते छान चालतं. ओपनडब्ल्यूआरटीच्या वेबसाइटवर उपकरणांची मोठी यादी आहे, तिच्यात मॉडेल आणि आवृत्ती दोन्ही जुळवून बघा.

आणि एक पक्कं. फायबरवाल्याने लावून दिलेल्या डब्याला, ज्याला ओएनटी म्हणतात, हात लावायचा नाही. तो बहुधा त्यांच्या मालकीचा असतो, घरचा फोनही कधी त्यातूनच चालतो. तो राहू द्या, आणि त्याच्या मागे तारेने आपला राउटर जोडा. पहारा आपल्या देवडीवर बसवायचा, सरकारी रस्त्यावर नव्हे.

तिसरा प्रश्न, फर्मवेअर कोणतं? थोडक्यात सांगतो. ओपनडब्ल्यूआरटी माझ्या मते पहिली पसंती. सोर्स खुला, आवृत्त्या नियमित, हजारो पॅकेजं हवी तशी घालता-काढता येतात, आणि 'लुसी' नावाचा वेबचा पडदा आहे, त्यामुळे काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करत बसावं लागत नाही. शिकायला मात्र चार संध्याकाळी द्याव्या लागतात. डीडी-डब्ल्यूआरटीत बरंच काही आधीच भरून येतं आणि ब्रॉडकॉमच्या अनेक डब्यांवर ते चालतं. पण त्याच्या बहुतेक फाइलींवर 'बीटा' असा शिक्का असतो, आणि कोणती चांगली हे अनुभवी लोकांकडून काढून घ्यावं लागतं. टोमॅटोचा आजचा वारस 'फ्रेशटोमॅटो'. ब्रॉडकॉमच्या ठरावीक डब्यांसाठी. मांडणी देखणी, वापर सोपा. आणि आसूसचा राउटर असेल तर 'आसूसडब्ल्यूआरटी-मर्लिन'. कॅनडाच्या एरिक सोव्हाझो यांनी कंपनीचंच फर्मवेअर घेऊन त्याची डागडुजी केलेली आहे. त्यातले काही भाग बंदच राहतात, पण ज्याला फार बदल नको त्याला ते सोयीचं.

खुलं म्हणजे निर्दोष, असं मात्र मी म्हणणार नाही. २०२४च्या डिसेंबरात ओपनडब्ल्यूआरटीच्याच सुधारणा तयार करून देणाऱ्या सर्व्हरमध्ये गंभीर चूक सापडली. एका संशोधकाने कळवलं, काही तासांत ती दुरुस्त झाली, आणि काय घडलं ते सगळ्यांना सांगितलं गेलं. पहारेकरी कोणताही घ्या, चुकणार. चूक कळल्यावर तो काय करतो ते बघून त्याला ठेवायचा.

नवाच डबा घ्यायचा असेल तर आणखी एक वाट आहे. २०२४च्या नोव्हेंबरात 'ओपनडब्ल्यूआरटी वन' नावाचा राउटर आला. फर्मवेअर बनवणाऱ्यांनीच बनाना पाय कंपनीकडून घडवून घेतलेला. त्याची खासियत मला फौजी डोळ्याने फार आवडली. त्यात फ्लॅश दोन ठेवल्या आहेत. मुख्य फ्लॅशमधलं काही बिघडलं तरी दुसऱ्या, राखीव फ्लॅशमधून तो पुन्हा उभा राहतो.

इथून आपण चौथ्या प्रश्नावर येतो आणि माझ्या लेखी हा सगळ्यांत मोठा आहे. परतीची वाट कुठे आहे? रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात गड कसा बांधावा हे सांगताना पंत म्हणतात की गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष आहे. जागा पाहून आणखी दरवाजे आणि चोरदिंड्या करून ठेवाव्यात, आणि रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. राउटरबद्दल मला याहून चांगला सल्ला अजून कुठे वाचायला मिळालेला नाही. संकटात वापरायची दिंडी तुम्हाला ठाऊक हवी. आणि नको त्या दिंड्या, म्हणजे डब्ल्यूपीएस, बाहेरून लॉगिन, न लागणाऱ्या सेवा, या बंद हव्यात.

राउटरची चोरदिंडी म्हणजे रिकव्हरी. फर्मवेअर चढवताना मध्येच वीज गेली तर डबा मुका होतो. इंग्रजीत त्याला वीट झाली म्हणतात. बऱ्याच डब्यांत रिसेटचं बटण दाबून धरलं की तो लॅपटॉपकडून तारेवरून नवी फाइल मागतो. काहींत ही सोय नसते. मग डबा उघडून आत तारा जोडाव्या लागतात. आपल्या मॉडेलची सोय कोणती हे चढवण्याआधी वाचून काढा. ती सापडली नाही, तर त्या डब्यावर प्रयोग करू नका.

आता कवायत सांगतो, क्रमाने.

एक, कंपनीचं मूळ फर्मवेअर उतरवून लॅपटॉपवर ठेवा. दोन, सेवादात्याकडून पीपीपीओईचं युजरनेम आणि पासवर्ड आधीच लिहून घ्या. इंटरनेट बंद पडल्यावर ते मागत फिरणं त्रासाचं. तीन, उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे वेबसाइटवर दिलेल्या तपासणीच्या आकड्याशी ताडून बघा. चार, काम तारेवरून करा, वाय-फायवरून नाही, आणि डबा इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर ठेवा. आमच्याकडे पावसाळ्यात नर्मदेकडून ढग चढून आले की वीज कधी जाईल सांगता येत नाही, त्यामुळे असल्या संध्याकाळी हे काम हातात घ्यायचंच नाही. पाच, फाइल दोन प्रकारची असते. कंपनीच्या फर्मवेअरवरून पहिल्यांदा जाताना बहुधा 'फॅक्टरी' नावाची, पुढच्या सुधारणांना 'सिसअपग्रेड'. सहा, फाइल चढायला लागली की हात मागे बांधून पाच-सात मिनिटं उभं राहायचं. दिवे विचित्र लुकलुकतात. वीज काढायची नाही.

डबा उठला की ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. ओपनडब्ल्यूआरटीत सुरुवातीला पासवर्ड नसतो आणि बहुतेक डब्यांवर वाय-फाय बंद असतं. बिघडलं म्हणून घाबरू नका. आधी पासवर्ड घाला, मग देश भारत निवडा, मग वाय-फाय चालू करा. एक अडचण आपल्याकडे हमखास येते. अनेक ओएनटींचा पत्ताही १९२.१६८.१.१च असतो. एका गल्लीत एकाच नंबरची दोन घरं असली की पोस्टमनचं जे होतं, तेच इथे होतं. आपल्या राउटरचा पत्ता १९२.१६८.२.१ करून टाका, भांडण मिटतं.

यानंतरही काम संपत नाही, उलट सुरू होतं. खुलं फर्मवेअर घातलं म्हणजे पहाऱ्याची जबाबदारी कंपनीकडून आपल्याकडे आली. नवी आवृत्ती आली का ते तुम्हीच बघायचं. मी तारखा ठरवल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि दिवाळीची साफसफाई. झेंडावंदन करून आलो की राउटर बघतो. मधेच मोठी फट जाहीर झाली तर त्याच दिवशी.

आणि आता शेवटची गोष्ट. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचे यजमान मोठे हौशी. त्यांनी घरच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी फार सुंदर बसवलं होतं. पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं, जाहिराती बंद, कॉलला रांगेत पुढे जागा. ते अचानक गेले. काही महिन्यांनी सेवादात्याने कनेक्शनचा पासवर्ड बदलला. लाइनमन आला, डबा पाहून म्हणाला, "हे आमचं मशीन नाही." घरात कुणालाच राउटरचा पासवर्ड माहीत नव्हता. पंधरा दिवस वहिनी मुलाशी मोबाइलवरून, दोन मिनिटांचं बोलून फोन ठेवत होत्या, तो परदेशात. मला कळल्यावर गेलो. ओपनडब्ल्यूआरटीत 'फेलसेफ' नावाची दिंडी आहे, तिने आत शिरलो, नवा पासवर्ड घातला. भाऊंची सगळी मांडणी जशीच्या तशी राहिली. अर्ध्या तासाचं काम. वहिनी म्हणाल्या, "यांनी एवढं सगळं केलं, पण मला कधी दाखवलं नाही." मी काही बोललो नाही.

फौजेत बदली झाली की नुसती बॅग उचलून जाता येत नाही. 'हँडिंग-टेकिंग' करावं लागतं. शस्त्रं, चाव्या, नकाशे, रजिस्टर, एकेक मोजून पुढच्याच्या हाती द्यायचं आणि सही घ्यायची. घरच्या राउटरला तेवढंच करा. एक वही करा, मराठीत. पहिल्या पानावर डब्याचं मॉडेल आणि आवृत्ती. दुसऱ्यावर पासवर्ड आणि सेवादात्याचं युजरनेम. तिसऱ्यावर रिकव्हरीची कृती, पाच-सहा ओळींत. चौथ्यावर, हे सगळं नको झालं तर कंपनीचं मूळ फर्मवेअर कसं परत घालायचं, किंवा आपला डबा काढून ओएनटीचंच वाय-फाय कसं चालू करायचं. ही वही मृत्युपत्र आणि विम्याच्या कागदांबरोबर ठेवा. आमच्या घरी सौभाग्यवतींनी वही समोर ठेवून, मी खोलीबाहेर बसलेलो असताना, राउटर एकदा रिसेट करून पुन्हा उभा केला आहे. दोन ठिकाणी अडली, तिथली माझी वाक्यं तिने खोडून स्वतःच्या भाषेत लिहिली. आता ती वही माझ्यापेक्षा तिची जास्त आहे.

तेव्हा घालावं का, याचं माझं उत्तर असं. सुधारणा वेळच्या वेळी घालायला तुम्ही तयार असाल, परतीची वाट पाहून ठेवली असेल, आणि घरातल्या आणखी एकाला चार्ज देता येत असेल, तर जरूर घाला, आणि डबा चालत असेल तर ओपनडब्ल्यूआरटीच घाला. यातली एक जरी गोष्ट नसेल, तर ज्या कंपनीच्या सुधारणा अजून येतात असा डबा विकत घ्या आणि निर्धास्त राहा. त्यात कमीपणा काही नाही.

या आठवड्यात एवढंच करा. राउटर उलटा करा, लेबलाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि त्याला शेवटची सुधारणा कधी आली ती तारीख शोधा. ती तारीख दोन-तीन वर्षांपूर्वीची निघाली, तर हे भाषण पुन्हा एकदा ऐका.

नमस्कार. जय हिंद.